उलटा गिझर : फॉर्च्युनरमधल्या पाण्याच्या इंटरकूलरची प्रगती

इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो ती हवा दाबताना तापवतो, आणि इंटरकूलर ती इंजिनात जाण्याआधी थंड करतो. माझ्या फॉर्च्युनरचा मूळ, वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर काढून मी पाण्यावर चालणारा बसवला आहे. त्याच्या चाचणीचा पसरणी घाटातला तिसरा फेरा रविवारी झाला. वाईत सकाळी २४ अंश, एसी बंद, गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा पायथ्याला ३६ अंश होती, दोन किलोमीटरवर ४४ आणि पाचगणीत शिरताना ६१. मूळच्या इंटरकूलरवर, अशाच सकाळी, याच ठिकाणी ७८ मिळाले होते. म्हणजे १७ अंशांची कमाई. पण आकडा वरपर्यंत चढतच राहिला, कुठे थांबला नाही. सगळी गोम तिथेच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गाडी २०१०ची, ३ लिटरची फॉर्च्युनर. हायलक्स पिकअपच्याच घराण्यातली लॅडर फ्रेम (शिडीच्या आकाराचा सांगाडा) आणि तेच १केडी डिझेल इंजिन. हिचा मूळ इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर, बोनेटच्या स्कूपखाली बसतो. गाडी पळत असेल तर स्कूपमधून वारं येतं. घाटात उसाच्या ट्रकमागे वीसच्या वेगाने रांगताना वारंही नाही आणि खालून इंजिन भाजतंय. चुलीवरच्या फळीवर लोणी ठेवावं तसली जागा.

पाण्याच्या इंटरकूलरमध्ये टर्बोची गरम हवा एका ॲल्युमिनियमच्या कोरमधून जाते आणि त्याच कोरच्या दुसऱ्या कप्प्यांतून पाणी फिरतं. ते पाणी छोट्या इलेक्ट्रिक पंपाने पुढच्या वेगळ्या रेडिएटरकडे जातं, तिथे थंड होऊन परत येतं. इंजिनच्या कूलंटशी याचा काही संबंध नाही, आणि तो ठेवायचाही नाही. ते पाणी ८०-९० अंशांचं असतं.

अर्थात तसंही करत असत. आपल्या पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली. कमिन्सच्या जुन्या एनटीए-८५५ इंजिनांच्या नावातला 'टी' टर्बोचा आणि 'ए' आफ्टरकूलरचा, म्हणजे इंटरकूलरचाच. त्यात हवा थंड करायला इंजिनचंच गरम पाणी वापरत. हसू येईल, पण टर्बोतून हवा १३० अंशांवर बाहेर पडत असेल तर ९० अंशांचं पाणीही तिला थंडच! पुढे ट्रकवाल्यांनी तोंडापाशी हवेवर चालणारे मोठे इंटरकूलर लावले, कारण हायवेवर वारा फुकट मिळतो. तरी फोर्डने २०११मध्ये ६.७ लिटरच्या पॉवरस्ट्रोक पिकअपला कारखान्यातूनच पाण्याचा इंटरकूलर दिला, आणि त्यासाठी कमी तापमानाचं दुसरं कूलंट सर्किट वेगळं काढलं. माझी मांडणी त्याचीच गरिबाघरची आवृत्ती.

आता गणित. बाहेर ३५ अंश, १ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून हवा १३० अंशांच्या आसपास निघते. ३००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला साधारण १४० ग्रॅम हवा ओढतं. ती ६० अंशांवर आणायची तर दर सेकंदाला १० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे १० किलोवॅट. आर्गन वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रींनी कोर, पंप, टाकी हा पसारा बघून विचारलं होतं, "साहेब, गाडीत गिझर बसवताय का?" तेव्हा हसलो. घरी येऊन हिशोब केला तर २ किलोवॅटचे पाच गिझर निघाले, फक्त उलटे लावलेले.

माझ्या सर्किटमध्ये ६ लिटर पाणी आहे. पाणी तापायला फार वेळ घेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता ते पोटात घेतं. तरीही १० किलोवॅटला ६ लिटर पाणी मिनिटाभरात २४ अंशांनी तापतं. थोडक्यात, पाणी उष्णता मिटवत नाही, उधारीवर ठेवतं. ओव्हरटेक, छोटा चढ, सिग्नलवरून उचल, इथे उधारी चालून जाते आणि पुढच्या उतारावर फिटते. पसरणीत पुढचा रेडिएटर जेवढं फेडेल तेवढंच खरं. ६१ अंश हा दोष कोरचा नाही, त्या रेडिएटरचा.

रेडिएटर मारुती ८००चा घेतला आहे. स्वस्त, दुकानात अजून मिळतो आणि ग्रिलमागे मावतो. पहिल्यांदा तो एसीच्या कंडेन्सरच्या मागे बसवला, कारण ब्रॅकेट तिथे सोपं होतं. एसी लावून साताऱ्यातल्या रहदारीत उभा राहिलो तर पाणीच ५५ अंशांवर! कंडेन्सरने तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येत होती. मग सगळं खोलून तो कंडेन्सरच्या पुढे आणला. पाणी सुधारलं, एसी थोडा मंदावला. मागच्या सीटवरून त्याची नोंद लगेच घेण्यात आली.

दुसऱ्या फेऱ्याची फजितीही सांगून टाकतो. घाट चढायला लागलो आणि हवा थेट ९० च्या पुढे. पंप गुणगुणतोय, फ्यूज ठीक, टाकी भरलेली. गाडी कडेला घेऊन कोरच्या दोन्ही होजना हात लावला : दोन्ही सारख्याच गरम. पुढच्या रेडिएटरचा होज मात्र गारठलेला. पाणी फिरतच नव्हतं. पंप मी टाकीच्या वरच्या पातळीला बसवला होता, त्याच्या पोटात हवा अडकली होती आणि या प्रकारचा पंप हवा ओढू शकत नाही. आता पंप सगळ्यात खाली, टाकी सगळ्यात वर आणि कोरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा निपल. परतीचा होज बादलीत सोडून मोजलं तर मिनिटाला १४ लिटर येतात. पाणी एका फेरीत साधारण १० अंशांनी तापेल, एवढं पुरे.

हे करून बघणाऱ्यांनी एक गोष्ट टाळू नये. कोर बसवण्यापूर्वी पाण्याच्या बाजूला २ बार हवा भरून तो हौदात बुडवा, अर्धा तास. कोर फुटलाच तर इंजिन बूस्टवर असताना हवा पाण्यात घुसते, म्हणून टाकीत बुडबुडे दिसतात. उलटा धोका गाडी बंद केल्यावर : टाकी वर असल्याने पाणी हळूहळू इनटेकमध्ये झिरपतं. सकाळी सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून टाकी मुद्दाम पांढऱ्या प्लॅस्टिकची घेतली आहे आणि पेनाने रेघ मारली आहे. रोज सकाळी बोनेट उघडून आधी ती रेघ.

हायवेचंही खरं सांगतो. पुणे रस्त्यावर ९० च्या वेगाला जुन्या इंटरकूलरवर हवा ४४ अंश होती, आता ४१. तीन अंशांसाठी एवढा खटाटोप कोणी करू नये. आणि इंजिनात जाणारं डिझेल वाढवलेलं नाही, त्यामुळे ताकद वाढली असं मी म्हणणार नाही. ईजीटी गेज (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) बसेल तेव्हा एक्झॉस्टबद्दल बोलू.

८००च्या रेडिएटरमागे बारीक जाडीचा १० इंची पंखा आणलाय. ३० च्या वेगाला त्याने किती फेडलं जातं ते पुढच्या रविवारी बघायचं. या वेळी एसी चालू ठेवून, मागच्या सीटची अट आहे.