आठ किलोमीटर आणि मधे एक पिंपळ

मी इंदूरला रामबागेत राहतो, एका लायसन्सवाल्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं, गावाकडचं काम आम्ही बघतो, आम्ही म्हणजे मी आणि मामा. कंपेलच्या बाजूचं एक गाव वायरशिवाय, रेडिओने इंटरनेटला जोडायचं होतं, आमच्या टॉवरपासून ८ किलोमीटर. मामांचं पहिल्या दिवसापासून एकच, "अरे २.४ घे, लांब जातं." म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा बँड, रेडिओ लहरींचा पट्टा; दुसरा पर्याय ५.८ चा. तसं चूक नाही, तेवढ्याच अंतरात ५.८ मध्ये सिग्नलचे जवळजवळ ८ डीबी (ताकदीचं माप) जास्त जातात. पण स्कॅन लावला तर टॉवरखालच्या कॉलनीत २.४ वरच घरोघरी राउटर, नुसता बाजार भरलेला, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ८६५ मेगाहर्ट्झचा बँड झाडांतून बरं निघतं पण तिथे जागाच इतकुशी की मीटर रीडिंग पाठवा, व्हिडिओ विसरा.

मग ५.८ च. २०१८ पासून हा बँड बाहेर लावायलाही बिनलायसन्सचा आहे, ताकदीची मर्यादा ३६ डीबीएम, डिश धरून हं! म्हणजे २३ डीबीआयची, ताकदीत २३ ची भर घालणारी, डिश लावली की रेडिओ १३ वर आणायचा, लोक इथेच गडबड करतात. गावात पोचणारा सिग्नल कागदावर उणे ६७ डीबीएम येत होता (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), मार्चमध्ये शाळेच्या गच्चीवरून उणे ६८ मिळालं, मी खूश, गावात चहापोहे झाले.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सिग्नल उणे ८१. जाऊन बघतो तर शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवरचा पिंपळ, जो मार्चमध्ये बोडका होता, आता गच्च भरलेला आणि वर ओला. मामा म्हणाले, "मी म्हटलं होतं ना!" पण हिशोब केला तर त्या जागी ५.८ ला टॉवर ते डिश या सरळ रेषेभोवती साधारण ३ मीटर मोकळं लागतं आणि २.४ ला साडेचार, म्हणजे मामांच्या बँडला तर पिंपळ अजूनच आडवा आला असता. तोडायचं कोणी नावही काढलं नाही, काढणारही नाही, पिंपळ आहे तो.

डिश पाण्याच्या टाकीवर नेली, त्यासाठी सरपंचांकडे तीन चकरा. चॅनलची रुंदी पण ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली, स्पीड कमी झाला पण नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, ६ डीबीने उतरला. आता भर पावसातही उणे ६९, ७० च्या आसपास.

पुढच्या गावचा सर्व्हे मी झाडं भरल्यावरच करणार आहे, मामा म्हणतात तोवर दुसराच कोणीतरी वायर टाकून मोकळा होईल.