वारीत घ्यायला शिकणं

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखी सोहळ्यातला सगळ्यांत लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे पोटात उपवास. आळंदीहून निघताना आपण भाविक असतो, पुण्यातल्या मुक्कामात पाहुणे असतो. वारीचं खरं काम सुरू होतं ते वडकी नाल्याच्या विसाव्याला, घाट समोर उभा राहतो तेव्हा.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. बैलांना मदत लागते हे सगळ्यांना दिसतं. आपल्याला लागते हे मात्र माणूस लवकर कबूल करत नाही. वारीला निघताना मनात द्यायचं पुष्कळ असतं: नवस, सेवा, अन्नदान, देणगी. घ्यायची तयारी कुणी करत नाही. आणि आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटर चालताना पहाटेपासून रात्रीपर्यंत घेतच राहावं लागतं. वारीत स्वतःची ओळख पटते ती मला तरी इथेच पटत आली आहे.

आधी पाय, कारण पाय दुखायला लागले की बाकीचं सगळं मागे पडतं. नवीन चप्पल किंवा बूट घालून निघू नये. निदान शंभरेक किलोमीटर चालून मऊ झालेलं पादत्राण घ्यावं. दोन महिने आधीपासून रोज पाच किलोमीटर, मग दहा, मग पंधरा, आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी सलग पंचवीस. फोड येतात ते नुसत्या चालण्याने नव्हे, ओल्या कातडीवर घासून येतात. म्हणून सुती मोज्यांचे दोन जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवायचे आणि दुपारच्या विसाव्याला बदलायचे. मांड्यांना आणि काखेत पहाटेच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. काचायला लागल्यावर लावून उपयोग नसतो. लहान फोड तसाच ठेवावा. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी ओढू नये, औषध लावून पट्टी बांधावी. जुनी माणसं फोडात दोरा ओवून ठेवतात. पावसाळी चिखलात त्याच दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि लोणंद येईपर्यंत पाय सुजतो.

एकादशीच्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर घाट चढू नये, जळजळ होते आणि तहान भागत नाही. शेंगदाणे-गूळ, केळी, राजगिऱ्याचे लाडू, लिंबू-मिठाचं पाणी बरं. जुलाब सुरू झाले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, आणि थोडं थोडं पीत राहायचं. बायका आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. यावर उपाय एकच: पाणी प्यायचं, आणि दोघी-तिघींनी मिळून, शाल धरून आडोसा करायचा. शाल धरायला कुणाला तरी सांगावं लागतं, ओळख नसली तरी. घ्यायला शिकणं सुरू होतं ते अशा ठिकाणी.

सामान दोन भागांत असतं. सतरंजी, कपडे, ताट-वाटी-तांब्या दिंडीच्या ट्रकमध्ये. पाठीवर पाणी, मेणकापड, पंचा, मोजे, औषधं आणि मूठभर शेंगदाणे, तीन किलोच्या वर नाही. ट्रक पहाटे आपल्याआधी निघतो आणि संध्याकाळी मुक्कामाला भेटतो. औषधाची पुडी ट्रकमध्ये राहिली की दिवसभर दुसऱ्याकडे मागायची वेळ येते. पहिल्या वारीत हे हमखास होतं.

भिशी हा यातला नाजूक भाग. दिंडीत जेवणखाण, तंबू, ट्रक यांसाठी प्रत्येकाने ठरलेली रक्कम भरायची, तिला भिशी म्हणतात. ती भरायलाच हवी, त्याशिवाय दिंडी चालत नाही. पण पैसे भरले की हक्क अंगात येतो. जेजुरीपर्यंत सगळं गोड असतं. वाल्ह्याच्या सुमाराला, म्हणजे सहा-सात दिवस झाल्यावर, आतलं वर यायला लागतं: आमटी पातळ झाली, तंबूत कडेची जागा मिळाली, अंघोळीला टँकरपाशी कुणी मध्येच घुसलं, शेजारचा रात्रभर घोरतो. चिडचिड कशावरून होते ते त्या दिवसांत नीट बघावं. घरी तिच्यावर पांघरूण घालायला दार असतं, कामं असतात. दिंडीत आपला राग, आपला हिशेबीपणा, आपल्याला विशेष वागणूक हवी असते ही गोष्ट, सगळं उघड्यावर पडतं. मी तरी ध्यानाला बसून स्वतःबद्दल इतकं कधी शिकलो नाही, जितकं पातळ आमटीच्या वाढपापाशी शिकलो.

यावर एक साधा उपाय मी अनेक वर्षं करतो. खिशात छोटी वही. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं, आज कुणाकडून काय घेतलं एवढंच लिहायचं. मनात आलेले विचार, अनुभूती, काही नाही. आणि भिशीत जे मोजलं गेलं तेही धरून लिहायचं, कारण भाकरीचे पैसे दिले तरी रात्री दोनला उठून चूल पेटवणाऱ्या बाईची झोप भिशीत धरलेली नसते. एका दिवसाची यादी अशी दिसते: ज्यांच्या रानात राहुटी पडली ते शेतकरी. टँकरवाला. रस्त्याकडेला बसून चपलेचा अंगठा शिवून देणारे, पैसे न घेता. पाय चेपून देणारी कॉलेजची मुलं. चहाचा ग्लास पुढे करणाऱ्या आजी. आपण पुढे गेल्यावर मागचा रस्ता झाडणारे. नावं बहुतेकांची कळत नाहीत, म्हणून गाव आणि वस्तू लिहायची. सुरुवातीला चार ओळी होतात. मुक्काम फलटणला पोचेपर्यंत पान पुरत नाही, आणि ते माणसं वाढली म्हणून नव्हे.

तुकोबांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना यवतचं पिठलं-भाकरी माहीत असतं आणि काटेवाडीच्या धोतराच्या पायघड्याही. परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धुतलेली धोतरं अंथरतात. स्वतःच्या हाताने स्वच्छ केलेलं कापड चिखलात अंथरायचं, यापुढे कृतज्ञतेवर बोलायला फारसं उरत नाही.

वारीत आभार मानायचे शब्द थोडे आहेत. 'धन्यवाद' क्वचितच ऐकू येतो. 'माउली' म्हणायचं, वाकायचं, आणि वाढलेलं संपवायचं. पत्रावळीवर भाताचं शीत न ठेवणं हेच तिथलं आभारप्रदर्शन. म्हणून भूक बघून वाढून घ्यावं. भाविकाच्या आग्रहाला भिडेने हो म्हणून निम्मं टाकणं ही दिंडीत होणारी सगळ्यांत मोठी चूक आहे असं मला वाटतं. नको असेल तर हात जोडून, एक घास घेऊन पुढे जावं.

पाया पडण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वीणा घेताना आधी टाळ कमरेला खोवावा, पाठीवरची पिशवी उतरवावी, नाहीतर वाकताना पिशवी समोरच्याच्या तोंडावर आदळते. दिंडीत भेटले की सगळेच असं करतात, वय बघत नाहीत. पंचाहत्तरीतल्या माणसाच्या पाया पडायला काहीच लागत नाही. वीस वर्षांच्या पोरासमोर वाकताना कंबर जड होते. ती जड का झाली ते तिथल्या तिथे बघावं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा ही संधी मिळते आणि यंत्रासारखं वाकलं तर एकदाही उपयोगी पडत नाही. मी एवढंच करतो: वाकण्याआधी थांबतो, चेहरा बघतो, मग वाकतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. दिंड्या आपापल्या जागी उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला जातो. चोपदार दंड उंचावतो आणि सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार त्यांच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती.

मला ही रीत फार मोलाची वाटते. हैबतबाबांनी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात तक्रारीला मज्जाव नाही, जागा आहे. सगळ्यांदेखत, ठरलेल्या वेळी, एकदा. आणि आरतीच्या आधी. आरती झाल्यावर तीच तक्रार तंबूत चघळायची नसते. कृतज्ञ माणसाने कुरकुर मनात गाडून हसत राहावं अशी एक समजूत असते, आणि ती माणसाला आतून आंबवते. आमच्याकडे घरीही हेच चालतं: रात्रीच्या जेवणाआधी ज्याला जे खटकलं ते सांगायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं, मग पानं वाढायची. नेमाने केलं तर चालतं. जेवताना तक्रार सुरू झाली की फसतं, कारण तेव्हा भूक बोलते.

परतल्यावर लोक एक चूक करतात. वारीच्या उमेदीत रोज तासभराची पूजा, पहाटे चारचं उठणं असं काही ठरवतात आणि नागपंचमीपर्यंत सगळं सुटतं. वाटेवर हरिपाठ चालता चालता होतो, अर्ध्या-पाऊण तासात, पावलांच्या लयीत. घरी तो बसूनच म्हणायला पाहिजे असं कुणी सांगितलं? स्टेशनपर्यंत चालताना, कणीक मळताना होतो. वहीही चालू ठेवावी, पण घरी तीन ओळी बास. घरच्या माणसांची नावं लिहायला हात सगळ्यांत उशिरा वळतो, हेही ध्यानात ठेवावं. अनोळखी आजींचा चहा पहिल्या दिवशी वहीत येतो, घरच्या चहाला महिना लागतो.

या वहीचा एक उपयोग मात्र पंढरपुरातच होतो. वाटेवरची गावं काही देतात तेव्हा बहुतेक जण मागणं एकच करतात: आमचा दंडवत पांडुरंगाला सांगा. ज्यांचं घर, रान, गुरं सोडून निघणं होत नाही, त्यांची वारी आपल्या पायांवरून चाललेली असते. तो निरोप विसरणं म्हणजे घेतलेलं बुडवणं. आषाढी एकादशीला पदस्पर्शाची रांग लांबच लांब असते, पुष्कळ जण नामदेव पायरीला डोकं टेकवून कळसाचं दर्शन घेतात आणि वळतात. मीही बहुधा तेच करतो. चंद्रभागेत स्नान झालं की वाळवंटात कळस दिसेल अशी जागा बघून उभं राहायचं आणि वही उघडायची. सासवडच्या आजींचा दंडवत. वाल्ह्याच्या टँकरवाल्याचा. बरडच्या राहुटीच्या रानाचा. चप्पल शिवणाऱ्यांचा. गाव आणि वस्तू, एकेक ओळ, घाई न करता. अठरा दिवसांच्या पानांना पाऊण तास लागतो.