विंडलास बदलण्याआधी व्होल्टमीटर लावा

जुन्या शिडाच्या बोटीवरचा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारं विजेचं यंत्र, नांगर उचलताना कण्हायला लागला, की बहुतेक मालक आधी नव्याच्या किमती बघतात. ती घाई करू नका. एकाला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बटण दाबायला उभं करा, साखळीवर ताण येऊ द्या आणि थेट मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. त्याच क्षणी बॅटरीवर 12.4 आणि मोटरवर 9.5 दिसत असतील, तर तीन व्होल्ट वाटेतच गळतायत. नवा विंडलास बसवलात तरी तोही तसाच कण्हेल.

हिशोब सोपा आहे. दहा-अकरा मीटरच्या बोटीवर साधारण 1000 वॉटची, 12 व्होल्टची मोटर असते. भाराखाली ती 100 अँपिअर सहज ओढते. बॅटरी बोटीच्या मध्यात, त्यामुळे जायला दहा आणि यायला दहा अशी वीस मीटर वायर. परतीची वायर मोजायला लोक हमखास विसरतात. 25 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात एवढ्या अंतरावर 1.4 व्होल्ट जातात, 50 च्या तांब्यात 0.7. म्हणून पहिला अपग्रेड वायरचा: कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, वायरच्या टोकाला हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले लग (धातूच्या टोप्या) आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी.

वायर जाड असूनही व्होल्ट पडत असतील तर दोष सांध्यात असतो. मोटर चालू असताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोकं लावा. एकाच सांध्यावर 0.2 व्होल्ट दिसले तरी तो उघडा. लगजवळचं आवरण दोन सेंटिमीटर सोललं की आतलं तांबं लख्ख दिसायला हवं. काळं पडलं असेल, बोटाला हिरवी भुकटी लागत असेल, तर लख्ख तांबं लागेपर्यंत वायर कापत मागे जा.

पायाने दाबायच्या स्विचचं रबर उन्हाने तडकतं, आत खारं पाणी जातं. कधी तो लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी चिकटून राहतो आणि कोणी हात न लावता विंडलास फिरायला लागतो. बोटं जाऊ शकतात. नांगराचं काम संपलं की मुख्य ब्रेकर बंद, यात सूट नाही. आणि नवा कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) आणण्याआधी मोटरला किती टर्मिनल आहेत ते बघा. दोन असतील तर मोटर बहुधा पर्मनंट मॅग्नेट प्रकारची, तीन असतील तर सीरीज वाउंड प्रकारची. दोघांचे कॉन्टॅक्टर वेगळे.

आता गिअरबॉक्स. तेल काढल्यावर दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे शाफ्टचं ऑइल सील गेलंय. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. ते घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात गेलात तर मूळ कंपनीच्या पार्टची वाट बघावी लागत नाही. पण नवं सील ठोकण्याआधी शाफ्टवर, जुन्या सीलची कड जिथे घासत होती तिथे, नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सीलही गळणार. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, नाहीतर शाफ्टवर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा. तेलाचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच. वर्मचं (स्क्रूसारख्या गिअरने फिरणारं) चाक ब्राँझचं असेल तर हाताला लागेल ते जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल ओतू नका. त्यातलं गंधक ब्राँझ खाऊ शकतं.

बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात दोघांचं वैर ठरलेलं. जाम बोल्टवर हातोडा चालवलात तर कास्टिंग तडकेल. आधी उष्णता द्या, गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर थांबा. परत बसवताना आट्यांवर ड्युरालॅक किंवा टेफ-जेल, म्हणजे दोन धातूंना वेगळं ठेवणारा लेप, हवाच. बूड पोखरून भिंत पातळ झाली असेल, तर मात्र विंडलास बदलण्याचीच वेळ आली.

बदलताना साखळीही तपासा. 10 मिलिमीटरच्या साखळीत डीआयएन 766 या मानकाचा पिच (एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचं अंतर) 28 मिलिमीटर आणि आयएसओ मानकाचा 30. नजरेला सारख्याच, पण चुकीच्या जिप्सीवर (साखळी पकडणाऱ्या खाचांच्या चाकावर) साखळी उडते. एका कडीच्या सुरुवातीपासून पुढच्या दहाव्या कडीच्या सुरुवातीपर्यंत मोजा: 280 की 300, तिथेच कळतं. 50 मीटर साखळी 10 मिलिमीटरची असेल तर 115 किलो, 8 ची 70. ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा; ग्रेड 70 ची 8 मिलिमीटर ताकदीला 10 च्या ग्रेड 40 पेक्षा कमी नाही आणि नाळेवरचे 45 किलो उतरतात. फक्त शॅकल (साखळी जोडणारी पिनची कडी) त्याच तोडीचा आणि जिप्सी 8 ची हवी.

विंडलास साखळी उचलायला आहे, बोट ओढायला नाही. इंजिन चालू ठेवून हळू पुढे जा, साखळी सैल पडेल तेवढीच उचला. मुंबई बंदरातला चिखल जिप्सीच्या खाचांत वाळून दगड होतो, तेव्हा साखळी वर येतानाच पाणी मारा. नांगर टाकल्यावर भार नायलॉनच्या स्नबरवर, म्हणजे साखळीला अडकवून बोटीला बांधलेल्या लवचीक दोरावर, द्या, गिअरवर नको. साखळीचं शेवटचं टोक लॉकरमध्ये शॅकलने अडकवू नका. तिथे दोर बांधा, साखळी पूर्ण सुटल्यावर डेकवर येईल एवढा लांब, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येईल.