ॲव्हरेजचा चोर सापडला एकदाचा!
पावसाळ्यानंतर गाडीचं ॲव्हरेज 18 वरून पार 13 वर आलेलं, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरची हवा चेक केली, तरी जैसे थे. आज मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही, आधी एक चक्कर मारून आले आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघितला, तर पुढचं डावं चाक नुसतं भट्टीसारखं तापलेलं! जॅक लावून हाताने फिरवलं तर फिरेचना. कॅलिपरच्या (ब्रेक पॅडना चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून जाम, त्यामुळे ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेक पॅड डिस्कला घासतच राहायचे आणि इंजिन बिचारं सतत ब्रेकशी झुंजत होतं. पिना साफ करून ग्रीस लावलं, पिनांवरचे रबरी बूट (कव्हर) नवीन टाकले, पुढचे पॅड बदलले. येताना गाडी काय हलकी पळाली! मेस्त्रींच्या हाताला खरंच सलाम. तुमचीही गाडी जास्त पेट्रोल पीत असेल तर चाकं तापतायत का बघा, फक्त हात लांबूनच, डिस्क जबरी चटका देते.