उलटा 'एल'

मंगळवार, रात्री उशिरा

आठवडाभर मी करंगळीत 'एल' घालून फिरत होते. आज कळलं, तो 'जे' आहे.

जुनी, चांदीची, मुद्रेची अंगठी. चपट्या माथ्यावर एकच वळणदार रोमन अक्षर. लुईस, लॉरा, मनातल्या मनात बारसंही उरकलं होतं. आज सहज कागदावर मेणबत्तीचं मेण ओघळू दिलं आणि अंगठी दाबली. पहिल्यांदा चिकटूनच बसली. दुसऱ्यांदा तिच्यावर ओलं बोट फिरवलं, मेणावर जरा साय धरू दिली, तेव्हा अलगद सुटली. कागदावर सुबक 'जे'!

म्हणजे ही नुसती मिरवायला केलेली नव्हती. पुढेपुढे अशा कितीतरी अंगठ्यांवर अक्षरं सरळच कोरली गेली, कारण लाखेवर ठसा उठवायचं काम त्यांना उरलंच नव्हतं. ही मात्र उलटी कोरलेली. बोटातला दागिना, तीच सही. आणि ज्याच्या हाती अंगठी, त्याची सही! 'मुद्राराक्षस' नाटकात अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागली आणि एका पत्राने सगळा डाव फिरला. पोप निवर्तले की त्यांची मुद्रा निकामी करतात, ती याच धास्तीने.

मग भिंग घेऊन आतली बाजू पाहिली. चालता सिंह, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी नांगर, ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण. ते सुरू झालं १७७३ साली. तिसरं असतं वर्षाचं अक्षर. नेमका त्याच्यावरूनच डाख गेलाय. कुणीतरी अंगठी कापून वाढवून घेतली असणार. 'जे'चंच बोट जाड झालं, की 'जे'नंतर ती दुसऱ्याच कुणाच्या हातात गेली? मला दुसरं आवडतं. परक्याचं अक्षर घालून फिरणारी मी पहिली नाही, एवढं तरी समाधान.

एक चूक मात्र केलीच. आणल्याबरोबर कापडाने घासून लख्ख केली. हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेला काळेपणा कोरीव रेषांत मुरून बसतो, त्यानेच तर अक्षर उठून दिसतं. तो मी पुसून टाकला. वर दर घासण्यात थोडी चांदीही जाते, ती वेगळीच. चढेल पुन्हा, सावकाश.

'जे'च्या वळणात आता मेण अडकलंय. सुई नको, ओरखडा पडेल. उद्या दात कोरायच्या काडीने काढीन.