विरळणीचे खुंट

एका रात्रीत दहा-बारा पाइन आडवे झाले म्हणून मला बोलावणं आलं. वारा काही तसा मोठा नव्हता. बाकीच्या झाडांची फांदीसुद्धा मोडली नव्हती. पडलेल्या झाडांची जाड मुळं मात्र बुंध्यापासून वीतभरावरच तुटलेली.

मी मनात आर्मिलारिया, म्हणजे झाडांची मुळं कुजवणारी एक बुरशी, धरून गेले होते. ती असली की साल सोलल्यावर पांढरे, पंख्यासारखे पापुद्रे दिसतात आणि मातीत बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या सापडतात. चार बुंधे सोलले. पापुद्रे नाहीत, दोऱ्या नाहीत. मुळांवर राळ पाझरून तिला माती चिकटून बसलेली, आणि आतलं लाकूड कुजून त्याचे पांढरट धागे सुटत होते.

करवत चालवणारे काका शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, सगळी झाडं त्या दोन खुंटांच्या भोवतीच पडलीत बघा."

मी उठून पाहिलं. खरंच, ओबडधोबड वर्तुळ आणि मधोमध दोन जुने खुंट. सहा वर्षांपूर्वीच्या विरळणीचे, म्हणजे बाकीच्यांना जागा मिळावी म्हणून मधली झाडं कापली तेव्हाचे. त्या विरळणीच्या कागदावर सही माझी होती.

गुडघ्यांवर बसून खुंटाच्या बुडाचा सुयांचा थर हातानेच बाजूला केला. उभ्याने कधीच दिसलं नसतं असं बुरशीचं फळ तिथे होतं: वरून तपकिरी, खडबडीत, कडेला मलईसारखी पांढरी रेघ. वाढता वाढता त्याने आजूबाजूच्या सुयाही पोटात घेतल्या होत्या. ओढलं तर चामड्यासारखं चिवट. खालची बाजू हस्तिदंती, बारीक छिद्रांनी भरलेली.

हेटेरोबॅसिडिऑन, मुळं कुजवणारी दुसरी बुरशी. ही एकच जात नाही, जातींचा गट आहे. युरोपातली अॅनोसम मुख्यतः पाइनवर, पार्व्हिपोरम स्प्रूसवर, अॅबिएटिनम फरवर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीसने १८२१ मध्ये हिचं वर्णन केलं, पण मुळं कुजण्याचं कारण हीच बुरशी आहे हे रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात दाखवलं. आणि ती रानात शिरते कुठून, ते जॉन रिशबेथ यांनी १९५० च्या दशकात: ताज्या कापलेल्या खुंटावरून. हवेतले बीजाणू त्या ओल्या तोंडावर पडतात, बुरशी खुंटाच्या मुळांत उतरते आणि जिथे शेजारच्या झाडाचं मूळ टेकलं असेल तिथून पलीकडे जाते. म्हणजे रोग जंगलात आणायला आपली करवत पुरते. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

तरी खात्री हवी म्हणून मुळांच्या चकत्या ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. आठवड्याने भिंगाखाली धरल्या तर लाकडावर बारीक दांडे उभे होते, प्रत्येकाच्या टोकाला गोल बोंड. दाढीच्या खुंटांवर दव पडावं तसं. या बुरशीची ओळख पटायला एवढं पुरतं.

जुनी फाईल काढली. विरळणी उबदार दिवसांत झालेली, म्हणजे हवेत बीजाणू असणारच. खुंटांवर लगेच युरियाचं द्रावण किंवा फ्लेबिऑप्सिस जायगँटिया लावायचं, अशी ओळ मसुद्यात होती. फ्लेबिऑप्सिस ही वेगळी बुरशीच आहे. खुंटावर आधी जागा धरते आणि हेटेरोबॅसिडिऑनला शिरू देत नाही. (काट्याने काटा काढायचा म्हणतात तो असा.) त्या ओळीवर माझ्याच अक्षरात आडवी रेघ होती. बाजूला लिहिलेलं: 'खर्च वाचेल'.

अहवालात कारणाच्या रकान्यात मी ती रेघही लिहिली. वरिष्ठ म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी राहू दिलं.

नंतरच्या फेरीत वर्तुळाबाहेरच्या दोन ओळींवरही खूण केली. काका थांबले. "ही तर हिरवीगार आहेत."

मी खुंटाकडच्या बाजूला, बुंध्याशी माती उकरली. दुसऱ्याच मुळावर राळेत माती चिकटलेली होती. त्यांनी ती नखाने खरवडून पाहिली, करवत खाली ठेवली आणि आधी द्रावणाचा डबा आणायला गेले.