तुम्ही विचारलेत म्हणून : ऑर्किडवरची खवले कीड जाते तरी कशी?

"पाने अल्कोहोलने स्वच्छ पुसली, एकही ठिपका उरला नव्हता, आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. ही कीड जाते तरी कशी?" घरात ऑर्किड ठेवणारी माणसे मला सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न विचारतात आणि विचारताना बहुतेकांचा धीर सुटत आलेला असतो. मला ते समजते, कारण माझ्या एका कॅटलियावर (हा ऑर्किडचाच एक प्रकार) ही कीड वर्षभर ठाण मांडून होती. त्या वर्षाने मला शिकवले ते असे, की कीड परत आलेली नसते, मुळात गेलेलीच नसते. आपण दिसते तेवढी पुसतो आणि न दिसणारी पुढची पिढी झाडावरच राहते.

आधी कीड कोणती आहे ते ओळखावे. मऊ कवचाची खवले कीड तपकिरी आणि फुगीर असते. ती झाडाचा अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत सोंड खुपसते आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. त्या थेंबांवर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या जमतात. या गोड रसासाठी मुंग्या किडीची राखण करतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. कठीण कवचाची कीड असा चिकटा सोडत नाही. ऑर्किडवर सर्वांत जास्त छळणारी बॉइसडुवाल खवले कीड याच गटातली आहे. तिची मादी गोल, चपटी आणि फिकट असते, तर नरांचे पांढरे, कापसासारखे पुंजके दिसतात, त्यामुळे पुष्कळ जण त्यांना पिठ्या ढेकूण समजतात. एक गोष्ट येथेच सांगतो : फुलाच्या दांड्यावर किंवा कळीच्या बुडाशी नुसतेच स्वच्छ गोड थेंब दिसले आणि भिंगातून एकही कीड सापडली नाही, तर घाबरू नये, कारण अनेक ऑर्किड स्वतःच असा मधुरस पाझरतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कठीण कवचाची मादी एकदा जागा धरली की हलत नाही, आणि कवचाखालीच अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले पिवळसर आणि धुळीच्या कणाएवढी असतात, त्यांना पाय असतात, आणि ती थोडा काळच रांगत फिरतात. सोयीची फट मिळाली की ती तेथे सोंड रोवतात आणि स्वतःवर मेणचट कवच चढवू लागतात. एकदा कवच चढले की वरून फवारलेले पुष्कळसे औषध आतल्या जिवापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ही कीड खऱ्या अर्थाने उघडी पडते ती केवळ त्या रांगत्या वयात, आणि सगळी पिल्ले एकाच दिवशी बाहेर येत नसल्यामुळे एका दिवसाची कितीही कडक सफाई पुरी पडत नाही.

माझ्या कॅटलियाची पाने मी सहा वेळा तरी पुसली असतील, आणि तरीही नव्या कोंबाच्या बुडाशी पांढरे ठिपके येतच होते. शेवटी एका सकाळी तिच्या फुगीर खोडांवरचा वाळका, कागदासारखा पापुद्रा मी ओला करून नखाने हळूच सोलला. तो एका लांब पट्टीत निघाला, आणि त्याखाली, देठापासून मुळांपर्यंत, पांढरी चादर अंथरल्यासारखी कीड बसलेली होती. वर पाने चकचकीत आणि आत हे सगळे! तेव्हापासून मी कॅटलियावरचे असे वाळलेले पापुद्रे पहिल्याच दिवशी काढून टाकतो. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडला असे पापुद्रे नसतात, पण तिच्या पानांच्या बेचक्यांत, पानांच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेलगत आणि सर्वांत खालच्या पानाआड हाच प्रकार चालतो.

सफाई करताना झाड इतर कुंड्यांपासून दूर न्यावे आणि खाली कागद अंथरावा, म्हणजे गळून पडलेली पिल्ले दुसरीकडे चढत नाहीत. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून प्रत्येक कवच घासून सुटे करावे. घासणे येथे अल्कोहोलइतकेच महत्त्वाचे आहे. फुगीर खोडांसाठी मऊ केसांचा जुना टूथब्रश उत्तम. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात, जेथून नवे पान फुटते, तेथे ओल साचू देऊ नये. काही साचलेच तर कोरड्या कापसाने लगेच टिपावे, नाहीतर किडीआधी कुजच झाड नेते. कीड बुडापर्यंत पोहोचली असेल तर झाड कुंडीतून काढावे, साल वगैरे जुने माध्यम फेकून द्यावे, मुळे धुवावीत आणि स्वच्छ कुंडीत नव्या माध्यमात लावावे.

त्यानंतर नीम तेलाची फवारणी करावी. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून सौम्य द्रव साबणाचे काही थेंब, एवढे मिश्रण पुरते. ते आधी एका पानावर करून पाहावे, संध्याकाळी फवारावे आणि दुसऱ्या दिवशी झाडाला थेट उन्हात ठेवू नये, कारण तेल लागलेले पान उन्हात भाजते. आंतरप्रवाही कीटकनाशकांविषयीही विचारले जाते. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध झाडाच्या आतल्या रसातून फिरते, म्हणून ते मऊ कवचाच्या किडीवर लागू पडते. कठीण कवचाची कीड मात्र अन्नरसाच्या नलिकांतून रस न घेता पानातल्या पेशी शोषते, त्यामुळे तिच्यावर ते फारसे चालत नाही. घरातल्या झाडावर मी ते वापरत नाही.

हे सगळे दर सात ते दहा दिवसांनी करायचे असते, आणि दोन-तीन महिने तरी सोडायचे नसते. लोक चुकतात ते येथे. दुसऱ्या फेरीनंतर झाड स्वच्छ दिसते आणि हात थांबतो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेऱ्यांच्या तारखांना खूण करतो, आणि संशयित खोडाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा वेढा देतो. रांगती पिल्ले त्यावर अडकतात आणि भिंगातून पिवळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. टेपवर ठिपके आहेत तोवर काम संपलेले नाही. मेलेले कवच पानावर तसेच चिकटून राहते, म्हणून ते नखाने चिरडून पाहावे : रस निघाला तर जीव होता, कोरडा भुगा झाला तर मेलेले होते. पानावर पडलेले पिवळे डाग मात्र पुन्हा हिरवे होत नाहीत. त्यांच्यावरून कीड आहे की गेली हे ठरवू नये.

झाड टाकून द्यावे का, असेही कोणी विचारतात. मुळे टणक असतील आणि एक जरी नवा कोंब सशक्त असेल, तर मी टाकत नाही. मुळे पोकळ झाली असतील, कोंबच उरला नसेल आणि शेजारी आणखी दहा ऑर्किड असतील, तर मात्र ते झाड पिशवीत बांधून बाहेर काढतो, आणि शेजारच्या दहाही कुंड्या पुढचे दोन महिने भिंगाखाली घालतो. माझी कॅटलिया वाचली. चौदाव्या आठवड्यात तिच्या टेपवर काहीच सापडले नाही, पंधराव्यातही नाही, आणि सोललेल्या खोडाच्या बुडाशी हिरवी टोके असलेली तीन नवी मुळे फुटलेली होती.